वजन उतरवून राहिले ना, मग चुंगडी (रेती भरलेलं पोतं) पण उचला

आमच्या विदर्भात वजन कमी करायचं ठरवलं की माणूस दोन गोष्टी करते, एक म्हणजे रात्रीचं जेवण बंद अन दुसरी म्हणजे पहाटे पाचला पोलीस भरतीच्या पोरांच्या मागं मागं डांबरी रोडनं चालत जाणं. दोन्हीत वाईट काही नाही. दीड दोन महिन्यात काटा खाली येते, मग चौकात लोकं विचारतेत काऊन भाऊ बारीक झाले, शुगर निघाली का काय. ते असं काऊन विचारतेत ते आरशात पाहिलं की समजते. गाल बसले, दंड लुळे पडले, पायऱ्या चढताना मांड्या थरथरतेत, अन पोट मात्र जिथल्या तिथं.

सोयाबीन वाळत घातलं की वजन उतरतेच, पण ओल गेली का दाणा सांडला हे काटा सांगत नाही. शरीराचंही तेच आहे. कमी खाल्लं की शरीर साठवलेलं काढून वापरायला लागते, त्यात चरबी जाते पण सोबत स्नायू म्हणजे मसल पण मोडून खाल्ले जातेत. नुसतं जेवण कमी करून वजन उतरवलं तर उतरलेल्या किलोंमधला साधारण चौथा हिस्सा चरबी नसतेच. आठ किलो कमी झाले म्हणून पेढे वाटले, पण त्यातले दोन किलो अंगातल्या ताकदीचे गेले असं होऊ शकते. शरीर हिशोबी आहे, ज्या स्नायूला काम नाही त्याला फुकट पोसत नाही. त्याला दर दोन तीन दिवसांनी जड काम दाखवायचं अन पोटात पुरेसं प्रोटीन टाकायचं, मग ते स्नायू सोडून चरबीकडे वळते. स्ट्रेंथ ट्रेनिंगचा, म्हणजे ओझं उचलायच्या व्यायामाचा, वजन कमी करताना मुख्य फायदा हाच, बाकीचे फायदे याच्या मागून येतेत.

आपल्या लोकांसाठी तर हे जास्तच लागू आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आपला स्वतःचा अन लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो बाजू बाजूला छापला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन साहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के अन याज्ञिक सरांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे वजन काट्यावर बरोबर दिसते, हातपाय काडीसारखे, पण आत चरबी जास्त अन स्नायू कमी, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना आहे. म्हणून तर भारतीय लोकांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतेत अन कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायांना ८० सेंटीमीटर ठेवली आहे. आता ज्याच्याकडे स्नायूचा गल्लाच आधी लहान, त्यानं उपाशी राहून त्यातलंच काढलं तर राहिलं काय?

यावर गावात हमखास एक प्रश्न येते अन तो बरोबर पण आहे, की बाप्पा आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कायले व्यायाम पाहिजे. तर पहिले हे पाहा की खरंच राबता का. नांगरणी वखरणी ट्रॅक्टरनं, फवारणी पेट्रोलवर चालणाऱ्या पंपानं, सोयाबीन हार्वेस्टरनं, वावरात जाणं मोटरसायकलनं, आणि पऱ्हाटीतलं (कपाशीतलं) निंदण मजूर बाया करतेत. आपण धुऱ्यावर उभे. अन जे खरंच राबतेत, म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाया, हमाल, त्यांचं काम एका साच्याचं असते. कंबरेला ओटा (कापूस टाकायची झोळी) बांधून दिवसभर वाकून कापूस वेचला तर कंबर भरून येते, दम वाढतो, पण छाती, खांदे, मांडीचा पुढचा भाग यांना जड ओझं मिळतच नाही. हमालाचं उलटं, त्याचं ओझं जड असते पण पद्धत चुकीची, त्यात कंबरेची गादी सरकते. व्यायामात ओझं आपण ठरवतो, हळू हळू वाढवतो, अन सगळ्या अंगाला सारखं वाटतो. वेचणीचे दिवस चालू असतील तर त्या बाईला मी वेगळा व्यायाम कर म्हणणार नाही, पण उन्हाळ्यात काम नसते तेव्हा तिला याची सगळ्यात जास्त गरज असते.

बाकीचे फायदे पटकन सांगतो. जेवल्यावर रक्तात जी साखर येते तिचा मोठा भाग स्नायू ओढून घेतेत, त्यामुळे शुगर बॉर्डरवर असलेल्या माणसाला यातून थेट फरक पडते. मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्यावरचा ताण कमी होते, गुडघेदुखीला डॉक्टर जो व्यायाम लिहून देतेत तो हाच असते. हाडांवर ओझं पडलं की हाडं टिकतेत, पाळी गेलेल्या बायांना याचं महत्त्व फार. तिशीनंतर तर स्नायू दर दहा वर्षाला ३ ते ८ टक्के असेच कमी होत जातेत, साठीनंतर अजून वेगानं, मग त्यात डायटची भर कशाला.

एक गोष्ट मात्र फुगवून सांगितली जाते तिच्यावर विश्वास ठेवू नका. मसल वाढवले की झोपेत पण धडाधड कॅलरी जळतेत म्हणे. एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसाला साधारण १३ कॅलरी खाते, एक किलो चरबी साडेचार. म्हणजे दोन किलो स्नायू कमावले तरी दिवसाला अर्ध्या केळापेक्षा जास्त हिशोब जमत नाही. वजन उतरते ते जेवण कमी केल्यानं. व्यायामानं हे ठरते की उतरलेल्या वजनात काय गेलं. हे दोन डोक्यात वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपते. आणि पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी जाते हे पण खोटं, चरबी कुठून काढायची हे शरीर ठरवते, आपण फक्त काढायला लावू शकतो.

सुरू करायच्या आधी कोणी डॉक्टरला विचारावं ते पाहून घ्या. बीपी आहे, हृदयाचा त्रास झालेला आहे, हर्निया आहे, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं, बाई गरोदर आहे, तर विचारल्याशिवाय ओझं उचलू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे अन आता जेवण पण कमी करणार, व्यायाम पण करणार, तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, गोळीचा डोस आधी डॉक्टरकडून बघून घ्या अन व्यायामाच्या वेळी खिशात साखर नाहीतर पारलेचा पुडा ठेवा. पूर्व विदर्भात, गडचिरोली चंद्रपूर गोंदिया भंडारा नागपूर या पट्ट्यात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरात आहे. सिकलसेलच्या पेशंटला जास्त दमणं, अंगातलं पाणी कमी होणं, ऊन, यानं दुखण्याचा झटका येऊ शकते, म्हणून त्यांनी डॉक्टरला विचारूनच अन अगदी हलकं करावं, अन ज्यांना नुसतं वाहक म्हणून कार्ड मिळालं आहे त्यांनी पण भर उन्हात दम लागेपर्यंत ताणू नये. बायांनी रक्त तपासून घ्यावं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी आहे, आणि हिमोग्लोबिन ८ असताना धाप लागते ती व्यायामाची सवय नाही म्हणून लागते असं समजून रेटत राहणं बरोबर नाही.

सामान. जिम तालुक्याला आहे, जाऊन येऊन पेट्रोल अन दोन तास जातेत, त्यामुळे बहुतेक जण महिन्याची फी भरतेत अन आठ दिवस जातेत. गावात ग्रामपंचायतीनं बसवलेली ओपन जिम असेल तर तिथं हातपाय मोकळे करायला ठीक आहे, पण त्यातल्या बहुतेक मशीनचं वजन वाढवता येत नाही, आणि वजन वाढवता येत नसेल तर दोन महिन्यात ती नुसती झोका खेळायची जागा होते. घरचं सामान त्याहून कामाचं आहे. गोड्या तेलाची ५ लिटरची रिकामी कॅन, त्यात पाणी भरलं की ५ किलो, कोरडी रेती भरली की साधारण ८ किलो. फवारणीच्या औषधाची कॅन घेऊ नका, कितीही धुतली तरी नको. पाण्याची २० लिटरची जार म्हणजे २० किलो, अन त्यात अर्धी भरा, पाऊण भरा, एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. युरियाच्या दोन रिकाम्या थैल्या एकात एक घालून त्यात रेती भरून सुतळीनं तोंड घट्ट बांधलं की चुंगडी तयार, पहिल्यांदा १०-१५ किलोच भरा, नंतर वाढवता येते. भरतीची तयारी करणारा पोरगा घरात असेल तर त्याचा गोळा आहेच, पोरांचा ७.२६० किलो, पोरींचा ४ किलो. अन शाळेच्या ग्राउंडवर लोंबकळायचा बार असेल तर मग काहीच कमी नाही.

आता करायचं काय. अंगाच्या मोठ्या हालचाली पाचच आहेत, बसून उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, अन ओझं घेऊन चालणं. प्रत्येकाचा एक व्यायाम पकडला की पूर्ण अंग झालं.

बैठकीपासून सुरू करा. वजन जास्त असलेल्या माणसानं आखाड्यातली भराभर टाचा उचलून मारायची बैठक पहिल्याच दिवशी मारू नये, गुडघे बोंबलतेत. बाजेवर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसा, हात न टेकता उठा, मग हळू हळू तीन मोजत बसा, धप्पकन नाही. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, आत नको वाकायला. १२ वेळा आरामात जमलं की ५ किलोची कॅन छातीशी कवटाळून करा. ते जमलं की चुंगडी छातीशी. खुर्ची हळू हळू काढून टाका. ज्या माणसाला खुर्चीवरून उठताना हात टेकावा लागते त्यानं खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवावी अन तिथून सुरू करावं, लाज नाही त्यात.

वाकून उचलणं हे सगळ्यात कामाचं अन सगळ्यात जास्त चुकते ते पण हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चुंगडी दोन पायांच्या मधात, अगदी जवळ. कुल्ले मागं ढकला, जसं हातात सामान आहे अन मागं कुल्ल्यानं दार लोटायचं आहे, तेवढे मागं गेले की गुडघे आपोआप थोडे वाकतेत. पाठ सरळ, कमान करायची नाही, नजर समोर चार पाच हात दूर जमिनीवर. चुंगडीचे कान धरा, श्वास घ्या, पोट कडक करा, अन पायानं जमीन दाबत उभे राहा, उठताना श्वास सोडा. ओझं अंगाला घासत वर आलं पाहिजे. खाली ठेवताना पण तसंच, टाकून द्यायचं नाही. श्वास कोंडून जोर लावायची सवय असते लोकांना, बीपीवाल्यानं ती बिलकुल ठेवू नये. दुसऱ्या दिवशी मांडीच्या मागं अन कुल्ल्यात ताण जाणवला तर बरोबर केलं, फक्त कंबर दुखली तर ओझं कमी करून परत शिका.

ढकलण्यासाठी जोर. जमिनीवर जमत नाही म्हणून बरेच जण सोडून देतेत. भिंतीला हात लावून सुरू करा, ते १५ झाले की ओट्याची कड, मग बाज (भिंतीला टेकवून, नाहीतर सरकते), मग जमीन. अंग डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत, कोपर अंगाच्या फार बाहेर नको. ओढण्यासाठी एक हात बाजेवर टेका, पाठ सरळ ठेवून वाका, दुसऱ्या हातात कॅन, ती कंबरेच्या दिशेनं वर ओढा, कोपर मागं गेलं पाहिजे. दोन्ही हातांनी सारखं करा. बार असेल तर नुसतं लोंबकळून राहणं पण चांगली सुरुवात आहे. अन शेवटी दोन्ही हातात दोन कॅन नाहीतर पाण्याचे भरलेले डबे घेऊन घरामागच्या वाडीत चकरा, खांदे मागं, ताठ चाल, घाई नाही. शहरातल्या जिममध्ये याला फार्मर्स वॉक म्हणतेत अन लोकं त्याचे पैसे भरतेत. वेळ उरला तर प्लँक म्हणजे कोपर अन पायाच्या बोटांवर अंग ताठ धरून २०-३० सेकंद, अन पायरीवर उभं राहून टाचा वर खाली.

किती करायचं तर प्रत्येकाचे ८ ते १२ वेळा, असे तीन सेट, पहिले दोन आठवडे दोनच. मधात दीड दोन मिनिटं बसा, पाणी प्या, मोबाईल हातात घेऊ नका नाहीतर दोनाचे दहा होतेत. ओझं असं निवडा की सेट संपला तेव्हा वाटावं अजून दोन निघाले असते, तिसरं नसतं निघालं. चाळीस पंचेचाळीस मिनिटात सगळं आटपते. आठवड्यातून तीन दिवस, मधात एक तरी दिवस सुट्टी, म्हणजे सोमवार बुधवार शनिवार असं काही, तुमच्या बाजाराच्या दिवशी सोडून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जे सांगितलं त्यात पण मोठ्या माणसाला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अन सोबत १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम असंच आहे, म्हणजे सकाळचं चालणं बंद करायचं नाही, ते वेगळं अन हे वेगळं.

खरी गुरुकिल्ली वाढवण्यात आहे. तिन्ही सेटमध्ये १२-१२ झाले की पुढच्या वेळी ओझं वाढवा, कॅनमध्ये एक लिटर पाणी, चुंगडीत दोन किलो रेती, मग परत ८ वर याल, परत १२ पर्यंत चढा. हे पोराच्या जुन्या वहीत लिहून ठेवा, तारीख, व्यायाम, ओझं, किती वेळा. लक्षात राहते म्हणणाऱ्याच्या काहीच लक्षात राहत नाही. डायट चालू असताना वहीतले आकडे टिकून राहिले किंवा वाढले तर समजायचं स्नायू जागेवर आहेत. आकडे दोन तीन आठवडे सलग घसरून राहिले तर जेवण फारच कापलं आहे, नाहीतर झोप होत नाही.

पहिल्या दोन चार वेळेनंतर अंग जाम दुखते, २४ ते ७२ तास, शौचाला बसताना कळते. ते नॉर्मल आहे, पुढच्या खेपेला कमी होते. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, छातीत दाटलं, चक्कर आली, हाताला मुंग्या आल्या तर तिथंच थांबा अन दवाखान्यात दाखवा. अन तोंडात खर्रा घोटत व्यायाम करायचा नाही. तंबाखूनं ठोके अन बीपी आधीच चढलेलं असते, वरून ओझं, आणि ठसका लागला तर अजून वेगळंच. अमरावतीची हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था १९१४ पासून आपल्या भागात आहे, तिथल्या मंडळींनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ तिकडे करून दाखवले, एवढा व्यायामाचा वारसा असलेल्या मुलखात आता सकाळी सकाळी पानठेल्यावर रांग लागते. असो.

आता पोटाचं. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतेत. रोज ५०० कमी खाल्ल्या तर आठवड्याला ३५००, म्हणजे अर्ध्या किलोच्या जरा आत. याहून घाई करायची नाही, आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का बस झालं. ५०० कुठून काढायच्या तर चहापासून पाहा. दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, तिथंच २४० झाल्या. मग तेल. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, अन आपल्या भाजीवर तर्री तरंगली नाही तर जेवल्यासारखंच वाटत नाही. सावजी महिन्यातून एकदा खा, मनापासून खा, पण रोजच्या भाजीत तेल मोजून टाका, चार माणसाच्या भाजीला दोन चमचे. तर्रीपोहा, आलूबोंडा याचं वेगळं सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. बाकी भाकरी बंद करा, भात बंद करा असं काही लागत नाही. चार खात असाल तर तीन खा, भंडारा गोंदियाकडे भाताचा ढीग असते त्याचा पाऊण ढीग करा अन जागा वरणाला द्या.

कारण आपल्या ताटात खरी कमी आहे ती प्रोटीनची. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं साध्या माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम सांगितलं आहे, पण वजन उतरवताना अन व्यायाम करताना किलोमागं १.२ ते १.६ ग्रॅम ठेवावं. ७० किलोच्या माणसाला ८४ ते ११२ ग्रॅम. वजन फारच जास्त असेल तर आताच्या वजनावर नाही, जिथं जायचं त्या वजनावर हिशोब करा. ऐकायला मोठं वाटते पण गावात बसून जमते. ज्वारीच्या तीन भाकरी, पीठ १८० ग्रॅमच्या आसपास, १८ ग्रॅम प्रोटीन. कोरडी तुरीची डाळ ५० ग्रॅम, ११ ग्रॅम. पण वरण घट्ट पाहिजे, ज्यात ताटाचं बूड दिसते ते वरण नाही. दोन अंडी, १२. भिजवलेले हरभरे मूठ दीड मूठ म्हणजे कोरडे ५० ग्रॅम, १० ग्रॅम. पाव लिटर दूध, ८. वाटीभर दही, ५-६. सोयावडी ५० ग्रॅम, २६ ग्रॅम. झाले की नव्वद.

सोयावडीबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोयाबीन आपण पिकवतो, कट्टे भरून अडत्याकडे टाकतो, भावासाठी रडतो, मग तेच मिलमध्ये जाऊन तेल निघाल्यावर जे उरते त्याची वडी बनून पाकिटात गावच्या दुकानात येते, १०० ग्रॅममागं ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन, अन आपल्या घरात ती कोणी खात नाही कारण वास येते. गरम पाण्यात दहा मिनिटं टाका, दोनदा पिळून काढा, मग रस्स्यात टाका, वास जाते. शेंगदाण्यात पण प्रोटीन आहे पण १०० ग्रॅममागं साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत, वावरात गप्पा मारत मारत शेंगा खाल्ल्या की डायट तिथंच संपते, मूठभरच ठेवा. मटण चिकन खात असाल तर चिकन बरं, कातडी काढून, रस्सा कमी पीस जास्त. एकादशी चतुर्थीला साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, वरून तूप अन दाण्याचा कूट, उपवासाच्या नावानं रोजच्यापेक्षा जास्त पोटात जाते. त्या दिवशी दूध, दही, भगर, फळ असं काही पाहा. किडनीचा त्रास असलेल्या माणसानं मात्र प्रोटीन डॉक्टरला विचारून ठरवावं. डब्यातली पावडर म्हणाल तर व्हे म्हणजे दुधातलंच प्रोटीन, घेतली तर चालते, नाही घेतली तर काही अडत नाही. पण कोणी चरबी वितळवायच्या गोळ्या, विनालेबलच्या पुड्या विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

मोजायचं कसं. आठवड्यातून एक दिवस सकाळी शौचाहून आल्यावर, काही न खाता, त्याच काट्यावर. रोज पाहून जीव खाऊ नका, मिठानं, पाळीनं, एका पंगतीनं किलो दीड किलो वरखाली होते. अन नवीन व्यायाम सुरू केला की पहिले दोन तीन आठवडे काटा अडून बसू शकते, कारण स्नायू पाणी धरून ठेवतेत. इथंच बरेच जण सोडून देतेत. म्हणून शिलाईचा टेप घ्या अन बेंबीच्या रेषेत पोट मोजा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. काटा जागेवर अन टेप दोन सेंटीमीटर खाली आला असेल तर काम बरोबर चालू आहे. टेप नसेल तर पट्ट्याचं भोक पाहा, ब्लाऊजची शिवण पाहा.

बायांची अडचण वेगळी आहे, ती व्यायामाची कमी अन जागेची जास्त आहे. ग्राउंडवर पोरं असतेत, रोडनं चालली तर चार जण विचारतेत कुठं निघाल्या वहिनी. त्यामुळे मागची वाडी, नाहीतर घरातच फॅनखाली, पंजाबी ड्रेस घालून, शक्य असेल तर जावेला नाहीतर शेजारणीला सोबत घेऊन. बचतगटाच्या बाया मिळून करत असतील तर अजून चांगलं, एकच चुंगडी अन दोन कॅन सगळ्यांना पुरतेत. ओझं उचलून माणसासारखे दंड होतेत ही भीती काढून टाका, बाईच्या शरीरात दंड फुगवणारा टेस्टोस्टेरॉन हार्मोन पुरुषाच्या मानानं फारच कमी असते, अन त्यात जेवण कमी चालू आहे, दंड फुगायला लागणारा माल आतच नाही. घट्ट होते अंग, एवढंच. आणि घरच्या पुरुष मंडळींनो, बाईनं सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं वरण खायचं, अंडी फक्त पोरांना, हे चालू असेल तर तिच्या व्यायामाचा काही उपयोग नाही.

आपल्या भागात ऋतूचा पण हिशोब ठेवावा लागते. एप्रिल मे मध्ये, पारा ४५ कडे गेला की सकाळी सहाच्या आत उरकून टाका, नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसात) तर ओझं अर्धं करा अन मीठ साखर टाकून पाणी नाहीतर ताक प्या. रातपाळीची लाईट असेल अन रात्रभर हरभऱ्याला पाणी देऊन आला असाल तर त्या सकाळी झोपा, सात तास झोप न झालेल्या अंगानं जड उचलण्यात काही शहाणपण नाही, दुसऱ्या दिवशी करा. सोयाबीनची सोंगणी, कापसाचा भर, लग्नाचा सिझन, तेव्हा तीन दिवस जमत नाहीत. तेव्हा आठवड्यातून एकच दिवस करा पण ओझं तेच ठेवा, सेट कमी केले तर चालतेत. कमावलेली ताकद टिकवायला कमावण्याच्या मानानं फार थोडं लागते. पूर्ण बंद करून दोन महिन्यांनी शून्यापासून सुरू करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ठरवलेल्या वजनावर पोचलात की एकदम जुन्या ताटावर जाऊ नका. पहिले पंधरा दिवस १५०-२०० कॅलरी वाढवा, म्हणजे एक भाकरी अन थोडं वरण, काटा पाहा, मग अजून तेवढंच, जिथं वजन स्थिर झालं ते तुमचं ताट. प्रोटीन तेवढंच राहू द्या. व्यायाम आठवड्यातून दोन दिवसांवर आणला तरी चालते, अन पोटभर खाऊन ओझं उचलून राहिले की वहीतले आकडे जे डायटमध्ये अडले होते ते आता भराभर चढतेत, तेव्हा चुंगडीत अजून रेती भरायला लागेल, सुतळी जरा जाड घ्या.